बोगस मतदारांची तक्रार केली, कुणी दखलच घेत नाही?

दादा, नुसत्या साध्या अर्जावर थांबू नका. एकेका नावासाठी फॉर्म ७ (यादीतल्या नावावर हरकत घेण्याचा, नाव वगळण्याचा अर्ज) भरा, त्याच मतदारसंघातला मतदारच तो भरू शकतो, आणि पोच घेतल्याशिवाय, म्हणजे आवक नंबर अन् शिक्का बघितल्याशिवाय खिडकी सोडायची नाही.

नवीन लोक इथेच चुकतात:
- ऐकीव नावं देतात. खोटं लिहून दिलं तर १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ३१ तुमच्यावरच लागतं, एक वर्षापर्यंत कैद.
- दिवाणी कोर्टात धावतात, तिथे त्याच कायद्याचं कलम ३० आडवं येतं, मतदार यादीच्या वादात दिवाणी कोर्टाला अधिकारच नाही.

मतदार नोंदणी अधिकाऱ्याने तुमच्या अर्जावर आदेश काढला की १५ दिवसांत कलेक्टरकडे अपील, तिथे नाही जमलं तर ३० दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्याकडे. आदेशच काढत नसतील तर आरटीआय टाकून फाईल कुठे अडली ते लेखी घ्या, ते कागद हायकोर्टातल्या रिटला (अधिकाऱ्याला आदेश द्या म्हणून केलेल्या याचिकेला) फार कामी येतात. कलम ३२ चं, म्हणजे यादीच्या कामात कर्तव्य चुकवणाऱ्या अधिकाऱ्याला शिक्षेचं, नंतर बघू, आधी पोच आणा.