फळीवर वंदना

बाय,

चवथीला आज्जीकडे आरतीत तू 'फळीवर वंदना' म्हटलंस आणि सगळे हसले. रात्री तू विचारलंस, "बाबा, तुम्हाला तरी सगळे शब्द कळतात?" मी म्हटलं, झोप आता. प्रश्न जरा लागला होता. आता इथे परत आल्यावर लिहितोय. अडेल तिथे आईकडून वाचून घे.

शब्द आहे 'फणिवरबंधना'. फणी म्हणजे फणावाला साप, फणिवर म्हणजे त्यांतला थोर. तोच ज्याने कमरेला बांधलाय त्या गणपतीला ही हाक आहे. तीन शब्द एका दमात येतात, मग कान त्यांना सोयीच्या जागी तोडतो. तुला फळी ठाऊक, वंदन ठाऊक. त्यात गणपतीच्या डोक्यावर माटोळीची, म्हणजे फळं-पानं बांधायची लाकडी चौकट टांगलेली. मग फळीवर वंदना का नसावी? 'ओटी शेंदुराची' म्हणणारे मोठेही हेच करतात. उटी म्हणजे अंगाला लावायचा लेप. तो घरातून गेला, ओटी भरणं राहिलं, म्हणून ओटी.

आपल्याकडे याला आणखी दोन कारणं. वाड्यावर बोलणं कोकणी, आरती मराठी, आणि 'सुखकर्ता' तर रामदासांची म्हणजे सतराव्या शतकातली. दुसरं कारण घुमट. मातीचं भांडं, एका तोंडाला कातडं, दुसरं तोंड उघडं. डाव्या तळव्याने ते झाकत-उघडत आवाज खोल करतात. जोडीला शामेळ, म्हणजे काठ्यांनी वाजवायचा ढोल, आणि कासाळं, म्हणजे मोठ्या झांजा. सुरुवात संथ असते, शेवटाकडे लय चढते, आणि कासाळ्याच्या झणत्कारात शब्दाचं पहिलं अक्षर बुडतं. विठ्ठलाच्या आरतीतल्या 'ओवाळू आरत्या कुरवंड्या येती'चं 'सुरवंट्या येती' होतं ते असंच. कुरवंडी म्हणजे ओवाळून टाकायची वस्तू. पुढच्याच ओळीत ती चंद्रभागेत सोडतात, पण तिथवर पोचेपर्यंत मुलांच्या डोळ्यांपुढे सुरवंट चालू लागलेले असतात. आमच्या लहानपणी ही चूक कोणी सुधारत नसे. मोठी माणसं घुमटाच्या नादात आणि मुलांचं लक्ष पंचखाद्याकडे.

आता मोठ्यांचं. 'संकष्टी पावावे' असं जवळजवळ सगळं घर म्हणतं. मूळ शब्द 'संकटी', संकटात. त्याचा जोडीदार 'निर्वाणी', अगदी शेवटच्या क्षणी. पण संकष्टी चतुर्थी कॅलेंडरवर दर महिन्याला दिसते ना! तू फळी आणलीस, आम्ही कॅलेंडर आणलं. माझ्याही तोंडात अजून संकष्टीच येते.

सगळ्यात मोठी चूक तर पहिल्याच ओळीत आहे आणि ती शब्दाची नाही, श्वासाची आहे. आपण 'वार्ता विघ्नाची' म्हणून थांबतो. वाक्य तिथे संपतच नाही. 'वार्ता विघ्नाची नुरवी': विघ्नाची वार्तासुद्धा उरू देत नाही. मग 'पुरवी प्रेम'. चाल ओळीच्या शेवटी थांबवते, म्हणून 'नुरवी पुरवी' अशी एक जोडगोळी तयार होते आणि गणपती विघ्नाची बातमी घेऊन आल्यासारखा वाटतो. हे मी कोणाला सांगितलं की ऐकणारा दोन क्षण गप्प होतो, मग पुढच्या वर्षी तसंच म्हणतो. मीही.

तर उत्तर: नाही, सगळे कळत नाहीत.

सुधारायचं की नाही, यावर माझं मन ठरत नाही. सुधारायचंच तर आरती चालू असताना मुळीच नाही. टोकलं की मूल शब्द नव्हे, आवाज बदलतं; पुटपुटायला लागतं. आधी शब्द तोडून बोलायचा, फणि-वर-बंधना, मग चित्र काढायचं, आणि चालीत घालायचा तो सगळ्यात शेवटी. एका वेळी एकच शब्द. पण फळी गेली तर मला थोडं चुकल्यासारखं होईल, हेही खरं. तू ठरव.

रविवारी 'निढळावरी कर' घेऊ का? नको असेल तर राहू दे. निढळ म्हणजे कपाळ. उन्हात लांबून कोण येतंय ते बघताना आपण कपाळावर हात आडवा धरतो ना, तो हात. खिडकीत उभी राहून आधी तेवढं करून बघ.

तुझा,
बाबा