वाचकांचे प्रश्न : न मोडणारे विक्रम

प्रश्न : नोव्हेंबर २०२३ मध्ये वानखेडेवर विराट कोहलीने ५० वे एकदिवसीय शतक झळकावून सचिन तेंडुलकरचा ४९ शतकांचा विक्रम मोडला, तेव्हापासून आमच्या घरात वाद चालू आहे. वडील म्हणतात, न मोडणारा विक्रम नसतोच. खेळ बदलल्यामुळे काही विक्रम कायमचे राहतील, असे मला वाटते. आपले मत काय?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : तुमच्या वडिलांच्या बाजूची साक्ष आपल्या गावातलीच आहे. सांगलीत जन्मलेल्या विजय हजारे यांनी १९४७ च्या रणजी अंतिम सामन्यात बडोद्याकडून खेळताना गुल महंमद यांच्या साथीत होळकर संघाविरुद्ध ५७७ धावांची भागीदारी केली आणि प्रथम श्रेणी क्रिकेटमधील (म्हणजे कसोटी, रणजी यांसारख्या किमान तीन दिवसांच्या सामन्यांतील) ती सर्वांत मोठी भागीदारी जवळजवळ साठ वर्षे अबाधित राहिली. पण २००६ मध्ये कोलंबोत संगकारा आणि जयवर्धने यांनी ६२४ धावा जोडून ती मागे टाकली. खेळपट्टी साथ देणारी असली आणि दोन फलंदाज पुरेसा वेळ टिकले, की असा विक्रम आजही मोडता येतो.

कारकिर्दीच्या विक्रमाचे तसे नाही, कारण त्याला कौशल्याइतकीच संधीही लागते. यॉर्कशायरचे डावखुरे फिरकी गोलंदाज विल्फ्रेड ऱ्होड्स यांनी १८९८ ते १९३० या काळात १,११० प्रथम श्रेणी सामन्यांत ४,२०४ बळी घेतले. त्यांतले २६१ तर १९०० च्या एकाच हंगामातले. तेव्हा इंग्लंडमध्ये तीन दिवसांचा एक सामना संपला की संघ दुसऱ्या गावी खेळायला निघत असे आणि उन्हाळाभर हेच चाले. आता यॉर्कशायरसारख्या एका कौंटी संघाच्या वाट्याला हंगामात विजेतेपद स्पर्धेचे चौदाच सामने येतात. जेम्स अँडरसनसारख्या चिवट गोलंदाजाला २००२ पासून खेळून हजारावा प्रथम श्रेणी बळी मिळाला तो २०२१ मध्ये, आणि हजार म्हणजे ऱ्होड्स यांच्या आकड्याचा चौथा हिस्सासुद्धा नव्हे. माझ्या मते हा विक्रम कधीच मोडणार नाही.

मुथय्या मुरलीधरन यांचे ८०० कसोटी बळी मी त्याच पंक्तीत, पण एक पायरी खाली ठेवतो. त्यासाठी त्यांनी १३३ कसोटींत ४४,०३९ चेंडू टाकले आणि जुलै २०१० मध्ये गॉलला प्रग्यान ओझा स्लिपमध्ये झेलबाद झाला, तेव्हा कारकिर्दीच्या अखेरच्या चेंडूवर आकडा पूर्ण झाला. आता वीस षटकांचे सामने वाढले आहेत आणि अशा सामन्यात एका गोलंदाजाला फार तर २४ चेंडू मिळतात. त्या हिशेबाने तेवढे चेंडू टाकायला १,८३५ सामने लागतील. गेल्या महिन्यात इथल्या एका मैदानावर सराव पाहत उभा होतो. एका मुलाचा चेंडू नुकता हातातून सुरेख सुटू लागला होता, तेवढ्यात चार षटके झाली म्हणून त्याला थांबवले गेले. थकलेल्या फलंदाजाला विसाव्या षटकात कसे फसवायचे, हे त्याला कोण आणि कधी शिकवणार, या विचाराने मला खरोखर वाईट वाटले.

ऑस्ट्रेलियाचे फलंदाज डॉन ब्रॅडमन यांच्या ९९.९४ या कसोटी सरासरीची गोष्ट मात्र वेगळी आहे. सरासरीला सामन्यांची संख्या आड येत नाही, त्यामुळे खेळ बदलला म्हणून ती सुरक्षित आहे, असे म्हणता येणार नाही. तरीही दीर्घ कारकिर्दीत साठच्या घरात पोहोचलेले फलंदाज बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. १९४८ मध्ये ओव्हलवर अखेरच्या डावात ब्रॅडमन यांना बरोबर शंभरच्या सरासरीसाठी केवळ चार धावा हव्या होत्या, आणि एरिक हॉलीज यांच्या दुसऱ्याच चेंडूवर ते शून्यावर त्रिफळाचीत झाले.