जुना फोन विकताना त्यातले दोष किती सांगावेत? सगळं सांगितलं तर भाव पडणार नाही का?

तुम्ही प्रश्नात तीन गोष्टी दिल्या आहेत: डिस्प्ले बाहेरच्या दुकानात बदललेला, बॅटरी संध्याकाळपर्यंत टिकत नाही आणि चार्जिंगची पिन एका बाजूला दाबून धरावी लागते. तिन्ही सांगा. पण त्याआधी तिन्ही नीट तपासा, कारण यातला एक दोष कदाचित दोषच नसेल.

काय सांगायचं याचा माझा नियम सोपा आहे. कोपऱ्यावरचा डेंट, काचेवरचा ओरखडा घेणाऱ्याला हातात धरल्या धरल्या दिसतो. तो लिहिला नाही तरी काही लपत नाही. जे दहा मिनिटांत दिसत नाही आणि घरी नेल्यावर आठवड्याने कळतं, ते मात्र सांगितलंच पाहिजे. लोक नेमकं उलटं करतात. 'मायनर स्क्रॅच' आवर्जून लिहितात आणि फोन एकदा बादलीत पडला होता हे गाळतात.

आधी डिस्प्ले. 'डिस्प्ले बदललाय' एवढ्याने भागत नाही, कारण त्याचे चार वेगळे अर्थ होतात: कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून बदललेला, दुसऱ्या फोनमधून काढलेला ओरिजिनल, नुसती वरची काच बदलून खालचं पॅनल मूळचंच ठेवलेला, किंवा कॉपी, म्हणजे दुसऱ्या कोणीतरी बनवलेली नक्कल. मूळ ओएलईडी असलेल्या फोनला स्वस्तात एलसीडी जातीचा, म्हणजे इनसेल फोल्डर (दुकानदार काच आणि पॅनलच्या जोडाला फोल्डर म्हणतात) बसवून देतात. कोणता बसवलाय हे दुकानदाराने सांगितलं नसेल तर रात्री दिवे घालवा आणि पूर्ण काळं चित्र स्क्रीनभर लावा. ओएलईडी असेल तर स्क्रीन चालू आहे की बंद हे कळत नाही. एलसीडी असेल तर सगळीकडे करडा उजेड दिसतो. स्क्रीनच्या आत फिंगरप्रिंट असलेल्या फोनला इनसेल बसवला की ते फिंगरप्रिंट जातं, कारण सेन्सरला पॅनलमधून आरपार बघावं लागतं आणि एलसीडीच्या मागची बॅकलाइट आड येते. ही गोष्ट जाहिरातीत स्वतंत्र लिहा. 'डिस्प्ले कॉपी' वाचून फिंगरप्रिंट चालणार नाही हे प्रत्येकाला सुचत नाही.

आयफोन असेल तर सेटिंग्जमध्ये जनरल, मग अबाउट उघडा. आयफोन १२ आणि त्यापुढच्या मॉडेलांत बॅटरी, डिस्प्ले किंवा कॅमेरा बदलला असेल तर तिथे त्याची नोंद दिसते आणि पार्ट अस्सल आहे की अनोळखी तेही कळतं. घेणारा हे पान उघडणारच, तेव्हा त्याचा स्क्रीनशॉट तुम्हीच आधी टाका.

डिस्प्ले बदललेल्या फोनमध्ये आणखी एक गोष्ट बऱ्याचदा बिघडलेली सापडते, ती म्हणजे प्रॉक्सिमिटी सेन्सर. कॉल लावून फोन कानाला धरल्यावर स्क्रीन काळी व्हायला हवी. झाली नाही तर बोलता बोलता गालाने कॉल कटतो, म्यूट होतो. हे जागच्या जागी कोणी तपासत नाही आणि दुसऱ्या दिवशी तक्रार येते.

मूळ अॅमोलेड (ओएलईडीचाच प्रकार) असेल तर शेड, म्हणजे स्क्रीनवर कायमची उमटलेली छाया, बघा. ब्राइटनेस कमी करून पूर्ण करडं चित्र लावा. कीबोर्डची किंवा वरच्या पट्टीतल्या आयकॉनची पुसट छाया दिसली तर ती लिहा आणि त्याच करड्या चित्राचा फोटोही द्या. उभी हिरवी रेघ असेल तर 'छोटीशी लाइन आहे' म्हणू नका. ती रिसेट करून जात नाही, आज एक आहे तिथे उद्या दुसरी येऊ शकते आणि उपाय म्हणजे अख्खं पॅनल बदलणं.

आता बॅटरी. 'बॅकअप थोडा कमी' याला काही अर्थ नाही, आकडा द्या. आयफोनमध्ये तो सेटिंग्जमध्ये आयता मिळतो. तिथे कमाल क्षमता ८२ टक्के दिसली तर घाबरू नका, ती झीज आहे, बिघाड नाही. आयफोन १४ पर्यंतच्या मॉडेलांत ५०० पूर्ण चार्जनंतर ८० टक्के क्षमता उरावी आणि १५ पासून पुढे १००० नंतर, असं खुद्द अॅपलच सांगतं. अँड्रॉइडवर साधी चाचणी करा: १०० टक्के चार्ज, वायफाय, ब्राइटनेस निम्मा, पॉवर सेव्हर बंद, एक तास व्हिडिओ. शेवटी किती टक्के उरले तो आकडा लिहा. घेणाऱ्याला तीच चाचणी स्वतःच्या फोनवर करून तुलना करता येते.

यापेक्षा वेगळा आणि जास्त गंभीर प्रकार म्हणजे २०-२५ टक्के असताना कॅमेरा उघडला की फोन पटकन बंद होणं. बॅटरी जुनी झाली की तिचा अंतर्गत रोध वाढतो. कॅमेरा, फ्लॅश किंवा गेमने एकदम जास्त करंट ओढला की व्होल्टेज खाली कोसळतं आणि फोन स्वतःला बंद करतो. स्क्रीनवर २५ टक्के दिसत असले तरी त्यातले बरेचसे वापरता येत नाहीत. फोन मुद्दाम २० पर्यंत उतरवून हे तपासा. आणि मागचं झाकण कडेला उचललेलं असेल, किंवा कॅमेऱ्याचा उंचवटा टेकत नसतानाही सपाट टेबलावर फोन डुगडुगत असेल, तर बॅटरी बहुधा फुगली आहे. असा फोन सांगूनही विकू नका. झाकण दाबून बसवायचा प्रयत्न तर मुळीच नको. आधी बॅटरी बदलून घ्या किंवा फोन ई-कचऱ्यात द्या.

तुमची पिन. फोन बंद करा, टॉर्चने पोर्टच्या आत बघा. खिशातले धागे आणि धूळ तळाशी दबून घट्ट थर होतो, केबल पूर्ण आत जात नाही आणि पिन सैल वाटते. लाकडी टूथपिकने कडेकडेने हळू काढा. टाइप-सी पोर्टच्या मधली पातळ जीभ खरवडू नका, तिच्यावरच कॉन्टॅक्ट असतात. सुई किंवा टाचणी नको. मग दोन वेगळ्या केबलनी तपासा. घट्ट बसली तर हा दोष यादीतून गेला. तरी सैल राहिली तर चार्जिंग बोर्डाचा खर्च विचारून घ्या; बऱ्याच अँड्रॉइड फोनांत तो छोटा बोर्ड वेगळा असतो आणि मेनबोर्डाला हात न लावता बदलता येतो.

तुम्ही विचारलं नाहीत, पण सगळ्यात जास्त फसवणूक होते ती पाणी आणि बोर्डाच्या कामात. अनेक फोनांत सिमचा ट्रे काढून आत टॉर्च मारली की एक छोटी पांढरी खूण दिसते. पाणी लागलं की ती लाल किंवा गुलाबी होते. पाणी आत पोहोचलं होतं एवढंच ती सांगते. बोर्ड खराब झालाय की नाही हे तिच्यावरून कळत नाही. म्हणूनच 'आता व्यवस्थित चालतोय' हा युक्तिवाद चालत नाही. शील्डखाली, म्हणजे बोर्डावरच्या धातूच्या झाकणांखाली, अडकलेला ओलावा आणि क्षार तांब्याला सावकाश खात राहतात. आधी स्पीकर किंवा चार्जिंग जातं, मग काही महिन्यांनी फोन अचानक डेड होतो. फोन केव्हा भिजला, किती वेळ, उघडून साफ केला का, हे तीन मुद्दे लिहा. तसंच एकदा उघडलेल्या फोनला 'वॉटरप्रूफ' म्हणू नका, मूळ रेटिंग काहीही असो. कडेचं सील उघडताना कापलं जातं आणि दुकानात ते पुन्हा तसंच बसेल याची खात्री नसते.

बोर्डाचं काम झालं असेल, आयसी रीबॉल केला असेल (चिप काढून पुन्हा सोल्डर केली असेल), शॉर्टिंग काढलं असेल, तर जॉबकार्ड, म्हणजे दुरुस्तीची पावती दाखवा आणि त्यानंतर तोच त्रास पुन्हा झाला का ते सांगा. सर्व्हिस सेंटरने अख्खा बोर्ड बदलला असेल तर आयएमईआय, म्हणजे फोनचा १५ अंकी ओळख क्रमांकही बदललेला असतो आणि बॉक्सशी जुळत नाही. बोर्ड बदलल्याचा कागद नसेल तर घेणारा चोरीचा माल समजून निघून जाईल, आणि त्याचं चुकणार नाही.

बाकीची तपासणी अर्ध्या तासात होते. सॅमसंगवर डायलरमध्ये *#०*# आणि बऱ्याच शाओमी फोनांवर *#*#६४८४#*#* टाकलं की चाचणीचा मेनू उघडतो. इतरांवर हातानेच करा: दोन्ही सिम स्लॉटवर प्रत्येकी एक कॉल, एक साधा कॉल आणि एक लाउडस्पीकरवर (त्यात बऱ्याचदा वेगवेगळे माइक वापरले जातात), पुढच्या आणि मागच्या कॅमेऱ्याने आवाजासह व्हिडिओ, जवळचा आणि लांबचा फोकस, घराबाहेर उभं राहून मॅपवर लोकेशन. कव्हर आणि टेम्पर्ड ग्लास काढून बघा. त्यांच्याखाली काय काय आहे हे आपण स्वतःही विसरलेलो असतो.

मग जाहिरात अशी लिहिता येते:

'६ जीबी / १२८ जीबी. बिल जून २०२२ चं, बॉक्स आहे, चार्जर नाही. पहिला मालक. डिस्प्ले जानेवारी २०२४ मध्ये बाहेर बदलला, कॉपी आहे. स्क्रीनवरचं फिंगरप्रिंट चालत नाही, पॅटर्न वापरावा लागतो. बॅटरी मूळची, वायफायवर निम्म्या ब्राइटनेसला तासभर व्हिडिओ लावला की १०० वरून ८१ वर येते. २० टक्क्यांखाली कॅमेरा उघडल्यावर दोनदा बंद पडला. पाण्यात पडलेला नाही, बोर्डाचं काम नाही. दोन्ही सिम, माइक, स्पीकर, जीपीएस तपासले, ठीक.'

तुम्ही स्वतः फोन जुना घेतला असेल तर 'पाण्यात पडलेला नाही' ऐवजी 'माझ्याकडे असताना पडलेला नाही' लिहा. जेवढं माहीत आहे तेवढ्याचीच जबाबदारी घ्या.

भाव पडतो का? पडतो, साधारण दुरुस्तीच्या खर्चाएवढा. दोन दुकानांत बॅटरी आणि डिस्प्लेचे दर विचारा, तुमच्या मॉडेलच्या चांगल्या स्थितीतल्या फोनच्या चालू भावातून ते वजा करा, आणि तोच हिशेब घेणाऱ्याला दाखवा. न सांगितलेला दोष समोरासमोर सापडला की घासाघीस त्या एका दोषापुरती राहत नाही. आणखी काय लपवलं असेल या शंकेचीही किंमत तो कापून घेतो. ऑनलाइन एक्स्चेंजमध्येही घरी आलेला माणूस तुमची उत्तरं फोनशी ताडून पाहतो आणि भाव जागेवर खाली आणतो. एक काम मात्र करू नका: ओरखडे पडलेला ओरिजिनल डिस्प्ले काढून विक्रीसाठी चकचकीत कॉपी बसवणं. जाणकार माणूस ओरखड्यांसकट ओरिजिनललाच जास्त पैसे देतो.

कायद्याचं थोडक्यात. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७ नुसार माहीत असलेली गोष्ट मुद्दाम झाकून ठेवणं ही फसवणूक ठरते, आणि कलम १९ नुसार फसवला गेलेला माणूस करार रद्द करू शकतो. तड्यावर स्टिकर लावणं, शेड दिसू नये म्हणून गडद वॉलपेपर ठेवणं हे झाकण्यातच येतं. म्हणून दोषांची यादी भेटीआधी व्हॉट्सअॅपवर पाठवा आणि समोरच्याचं 'ओके' येऊ द्या. पुढे वाद झाला तर तोच तुमचा पुरावा.

भेटताना बिल आणि चार्जर न्या, बॅटरी चाळीसच्या आसपास ठेवा म्हणजे चार्जिंगही दाखवता येतं. *#०६# दाबून दोन्ही आयएमईआय दाखवा. घेणाऱ्याला हवं तर इंग्रजीत के-वाय-एम, एक जागा सोडून आयएमईआय, असा एसएमएस १४४२२ वर पाठवून तो नंबर काळ्या यादीत आहे का हे तिथेच बघता येतं. फोन हप्त्यावर घेतला असेल तर हप्ते फिटल्याचं पत्र आधी घ्या, नाहीतर फायनान्सचं लॉक नव्या माणसाच्या हातात फोन बंद पाडू शकतं. व्यवहार ठरल्यावर गूगल खातं आणि असेल तर सॅमसंग किंवा शाओमीचं खातं काढा, आयफोनवर फाइंड माय बंद करा, ई-सिम काढा, आणि मगच त्याच्या समोर रिसेट मारा. खातं तसंच ठेवून रिसेट केलं तर फोन सुरू होताना तुमचा जुना पासवर्ड मागत बसू शकतो.

एका कागदावर दोन्ही आयएमईआय, रक्कम, तारीख, वेळ आणि सांगितलेले दोष लिहून दोघांनी सह्या करा, एकेक प्रत ठेवा. पैसे यूपीआयने येणार असतील तर ते खात्यात जमा झालेले स्वतःच्या बँकेच्या अॅपमध्ये बघा, समोरच्याच्या स्क्रीनवर नाही. पैसे मिळवायला यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. 'हा क्यूआर स्कॅन करा, पैसे येतील' असं कोणी म्हणालं तर फोन खिशात घालून निघा.