रीलमधला धोंडा

‘मॅडम, पोरगं पुस्तकापायी बिघडलं.’ घाटंजी तालुक्यातल्या एका गावाहून आलेले काका खुर्चीच्या कडेवर बसले होते. मी समुपदेशक; महिन्यातून एखादे तरी आईबाप ही तक्रार घेऊन माझ्याकडे येतातच. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) मुलगा यवतमाळला बीएच्या दुसऱ्या वर्षाला. दिवाळीत घरी आला आणि कापूस वेचता वेचता विचारू लागला, ‘बाबा, तोट्यात जाते तरी दरसाल पेरता काऊन? अर्थ काय याचा?’ मोबाइलमध्ये सारखे नीत्शे नि काम्यू, जगण्याच्या अर्थावर लिहिणारे तत्त्वज्ञ. आता हा जिवाचं बरंवाईट करून घेणार, ही काकांची धास्ती.

जगण्याचा अर्थ विचारणं हा आजार नव्हे. विसाव्या वर्षी नाही तर कधी विचारणार? आपल्या अमरावतीकडचे गाडगेबाबा तर कीर्तनात समोरच्यांना प्रश्नांवर प्रश्न विचारत. मी बघते ते वेगळंच: झोप उडाली का, जेवण तुटलं का, माणसं टाळतो का, जपलेल्या वस्तू वाटून टाकतो का. आणि सरळ विचारते, जीव द्यावासा वाटतो का? विचारल्यानं मनात नसलेलं काही शिरत नाही. असलेलं मात्र कधीकधी बाहेर येतं.

मुलाला एकट्याला बसवलं. त्यानं रील दाखवलं: डोंगरावर पुन्हा पुन्हा धोंडा ढकलायची शिक्षा झालेला ग्रीक पुराणकथेतला सिसिफस, मागे सूर्यास्त, खाली ‘आनंदी राहा’ छापाची ओळ. मी म्हटलं, काम्यूच्या १९४२ सालच्या ‘द मिथ ऑफ सिसिफस’ या पुस्तकाची सुरुवातच आत्महत्येच्या प्रश्नानं होते. धोंडा दरवेळी खाली येणार हे माहीत असूनही जगायचं, हे त्याचं उत्तर.

‘म्हंजे रीलवाल्यानं सवालच कापला.’

मग मी तो सवाल त्याला विचारला. तो खाली बघत म्हणाला, ‘माह्या डोक्यात नाई तसं काई. बाबाच्या हाये का, ते पाह्याचं होतं. बापाले सरळ कसं इचारू?’

अर्धा तास मी चुकीच्या माणसाला बाहेर बसवून ठेवलं होतं.

काकांना आत बोलावून तोच प्रश्न विचारला. दुपट्ट्याचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत, पुन्हा गुंडाळत बराच वेळ गेला. ‘दुबार पेरणीच्या टाइमले आल्ता. दोनक डाव.’

त्याच दिवशी ठरलं: घरातले फवारणीच्या औषधाचे डबे भावाच्या कुलूपबंद खोलीत, किल्ली काकूंकडे. जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांची भेट. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दोघांच्या मोबाइलमध्ये. तो रात्रीही लागतो. कर्ज माझ्या बोलण्यानं फिटत नाही, हे मी काकांना स्पष्ट सांगितलं. पुनर्गठनाचं विचारायला बँकेत मुलगा सोबत जाणार होता.

पुढच्या खेपेला बापलेक एकाच गाडीवर आले. काकांची झोप थोडी सुधारली होती, गोळ्या सुरू होत्या. मुलानं त्यांना सिसिफसची गोष्ट सांगितली होती.

‘त्याचा धोंडा तरी तोच रायते,’ काका म्हणाले. ‘आमाले बीटी बियान्याचं पाकीट दरसाल नवं घ्या लागते.’ तिघंही हसलो. मग ते मुलाकडे वळले, ‘पण काय रे, एकटाच ढकलते तो? घरी कोनी नोतं काय त्याच्या?’