वाचकांचे प्रश्न : हवाई दलातली हवामानाची नोंद

प्रश्न : मुलगा यंदा बारावी सायन्स झाला. अग्निवीर वायूचा फॉर्म भरताना हवामानाचा ट्रेड मागून घेता येतो का? – एक पालक, उदगीर

उत्तर : नाही. कोणाला कुठलं काम द्यायचं ते हवाई दल आपल्या गरजेनुसार ठरवतं. भरती ४ वर्षांची असते आणि पुढे जास्तीत जास्त २५ टक्के मुलांना कायम करतात, हेही घरात आधीच बोलून घ्या. हवामानातच जायचं पक्कं असेल, तर बीएस्सीला भौतिकशास्त्र आणि गणित सोडू देऊ नका. अधिकाऱ्यांच्या ग्राउंड ड्युटीत (विमान न उडवणाऱ्या, जमिनीवरच्या कामांत) हवामानाची वेगळी शाखा आहे. त्यासाठी एएफकॅट (हवाई दलाची अधिकारी भरतीची प्रवेश परीक्षा), वय २० ते २६. शिक्षणाची अट मात्र क्लासच्या पत्रकात नव्हे, चालू जाहिरातीतच वाचा.

प्रश्न : आमच्या कॉलेजच्या स्टीव्हन्सन स्क्रीनमध्ये (थर्मामीटर ठेवायची झरोक्यांची पेटी) एप्रिलच्या दुपारी कोरडा थर्मामीटर ४० आणि ओला (बल्बवर ओली मलमल बांधलेला) २२ दाखवत होता. वात (भांड्यातलं पाणी बल्बपर्यंत नेणारं कापड) बदलल्यावर ओला २० वर आला. २ अंशांनी असा काय फरक पडतो? – एक विद्यार्थी, परभणी

उत्तर : फार पडतो. हवेचा दाब साधारण ९५५ हेक्टोपास्कल (दाबाचं एकक) धरून गणित मांडा. ओला २० असेल तर सापेक्ष आर्द्रता ११ टक्क्यांच्या आसपास येते आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं दव होऊ लागतं तो) ४ अंशांच्या जवळ. ओला २२ धरला की आर्द्रता १७ टक्के, दवबिंदू थेट १० च्या वर! तो आकडा वाचणाऱ्याला वाटेल की बाष्प आलं, आता संध्याकाळी गडगडाट बघायला हवा. प्रत्यक्षात आकाश कोरडं ठाक.

दोष बहुतेक वेळा पाण्याचा असतो. बोअरच्या पाण्यातले क्षार मलमलीत बसतात, कापड कडक होतं, पाणी नीट चढत नाही. बाष्पीभवन कमी झालं की बल्ब पुरेसा थंड होत नाही, म्हणून ओला थर्मामीटर नेहमी जास्तच दाखवतो. ही चूक एकाच बाजूला जाते, म्हणून महिन्याची सरासरी काढूनही ती जात नाही. बॅटरीवाल्याकडे मिळतं ते सीलबंद डिस्टिल्ड वॉटर वापरा (ॲसिडचा कॅन नव्हे, दोन्ही शेजारीच ठेवलेले असतात). मलमल पातळ, एकपदरी, बल्बला घट्ट बसलेली हवी. ती आठवड्याला बदला. धुळीची वावटळ येऊन गेली तर त्याच दिवशी. नवी मलमल धुऊन घ्या, कारण तिला खळ असते, आणि बल्बजवळच्या भागाला तेलकट बोटं लावू नका.

आपल्याकडच्या उन्हात आणखी एक घोटाळा होतो. वात लांब असली तर पाणी बल्बपर्यंत पोचायच्या आधीच उडून जातं. वात आखूड करा, भांडं काठोकाठ भरा, पण ते कोरड्या थर्मामीटरच्या खाली येऊ देऊ नका. कडक उन्हाळ्यात कोरडा आणि ओला सारखेच दिसले, तर वात सुकली एवढंच समजायचं.

वाचताना डोळा पाऱ्याच्या समपातळीत ठेवा. आधी दशांश वाचा, मग पूर्ण अंश. अंगाच्या उबेने पारा हलतो तो याच क्रमाने चुकवता येतो. स्क्रीनचं दार उत्तरेला आहे ना, तेही एकदा बघून घ्या.

प्रश्न : दाब १०१३.८ आला तरी वैमानिकाला १०१३ च सांगतात. १०१४ का नाही? – एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : १ हेक्टोपास्कल म्हणजे ढोबळमानाने २८ फूट उंची. दाब जास्त सांगितला तर उंचीमापक खऱ्यापेक्षा जास्त उंची दाखवेल आणि विमान वैमानिकाला वाटतं त्यापेक्षा खाली असेल. कमी सांगितला तर चूक सुरक्षित बाजूला जाते, म्हणून अपूर्णांक सोडून देतात. नवीन मुलं गोंधळतात ते क्यूएनएच (समुद्रसपाटीला आणून काढलेला दाब) आणि क्यूएफई (धावपट्टीवरचाच दाब) यांत. तुमच्या चिकलठाणा विमानतळाची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे १९०० फुटांवर आहे. तिथे उभ्या विमानात क्यूएनएच लावला तर काटा १९०० च्या आसपास, क्यूएफई लावला तर शून्यावर. एकाच्या जागी दुसरा आकडा रेडिओवर गेला, तर २८ फुटांची नव्हे, १९०० फुटांची चूक होते.

प्रश्न : दृश्यमानता अंदाजाने सांगतात का? घरी सराव कसा करावा? – एक वाचक, हिंगोली

उत्तर : खुणांवरून सांगतात. गच्चीवरून दिसणारी पाण्याची टाकी, जिनिंगची चिमणी, मोबाइलचा टॉवर, डोंगर यांची अंतरं नकाशावर मोजून दिशेसह वहीत लिहा. पूर्ण वर्तुळ बघा. एका बाजूला धूळ असेल तर ती बाजू वेगळी नोंदवायची असते. नुसती आकृती दिसली म्हणजे खूण दिसली असं नव्हे, ती ओळखू आली पाहिजे. रात्री दिव्यांवरून नोंद घेतात, पण उजेडातून बाहेर आल्यावर डोळे अंधाराला सरावायला काही मिनिटं थांबा. नाहीतर आकडा हमखास कमी येतो. वेळ भारतीय नव्हे, जागतिक (यूटीसी) लिहायची सवय लावा. आपले सकाळचे साडेआठ म्हणजे जागतिक वेळेचे ०३००, म्हणजे तीन वाजले.