जुन्या एमजीबीच्या (ब्रिटिश स्पोर्ट्स कार) इंजिनाजवळ टक-टक आवाज येतो, गाडी तापली की कमी होतो. सायलेन्सर बदलावा का?

सायलेन्सरला हात लावू नका. तापल्यावर आवाज दबतो म्हणजे धुराची गळती बहुतेक मॅनिफोल्डच्या (इंजिनातला धूर गोळा करून पाइपात सोडणारा भाग) पॅकिंगपाशी आहे. लोखंड तापून फुगतं आणि फट बुजते. सकाळी गार इंजिन असतानाच बघा. व्हॅक्यूम क्लीनरची फुंकणारी बाजू मागच्या नळीला चिंधी गुंडाळून लावा आणि सांध्यांवर साबणाचं पाणी मारा. बुडबुडे दिसतील तिथं गळती. काजळीचे काळे फराटेही जागा सांगतात.

या इंजिनात इनटेक (हवा आत नेणारा) आणि एक्झॉस्ट (धूर बाहेर नेणारा) मॅनिफोल्ड शेजारी-शेजारी, मधल्या स्टडवर (इंजिनात बसवलेला आट्यांचा दांडा) एकच जाड वॉशर दोन्ही फ्लॅंज, म्हणजे इंजिनाला टेकणाऱ्या सपाट कडा, दाबतो. फ्लॅंजची जाडी कमी-जास्त असेल तर एक बाजू सैलच राहते, नट कितीही आवळा! तसं असेल तर मॅनिफोल्ड काढून बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागात एखाद्या मशीन शॉपमध्ये दोन्ही फ्लॅंज एका पातळीत घासून घ्या. बेळगावात असल्या कामाला माणूस शोधावा लागत नाही की. खालच्या पाइपच्या सांध्याला पितळी नटच वापरा, लोखंडी गंजून स्टडसकट तुटतात.

तोवर बंद गॅरेजात इंजिन चालू ठेवू नका, धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.