ठिपके मोजू नकोस

प्रिय,

प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी तू माझ्या चित्रांपाशी आलीस, तेव्हा तुझ्या हातातली वही बघून मला फार बरं वाटलं. म्हटलं, पोरगी रेखाटनं करत हिंडतेय. मग तू वही उघडलीस. वाघ किती, हत्ती किती, पक्षी किती, आणि त्यातल्या किती चित्रांखाली विकल्याचा लाल ठिपका. 'आता मी वाघच काढू का?' असं विचारलंस. गर्दी होती, मी काहीतरी थातुरमातुर बोलून तुला वाटेला लावलं. ते मनाला लागून राहिलंय.

तुझा हात चांगला आहे, हे तुलाही ठाऊक आहे, त्यावर शब्द घालवत नाही. मला एवढंच सांग, मोबाइलमध्ये जे घुबडाचं चित्र दाखवलंस, त्या घुबडाला तू किती वेळ बघितलं होतंस? फोटोला नव्हे, घुबडाला.

आधी बघ. मग काढ.

मी कितीतरी वर्षं फोटोवरून काढत होते. फोटोत सावलीतला भाग काळा होऊन जातो, पाय गवतात बुडालेले असतात, डोळा टाचणीच्या डोक्याएवढा दिसतो. जे दिसत नाही ते आपण मनाने भरतो. माझ्या एका मोठ्या वाघाचे डोळे मी असेच भरले, घरच्या मांजरीला समोर बसवून. उभी, चिरेसारखी बाहुली. चित्र पहिल्याच दिवशी गेलं. संध्याकाळी एक पशुवैद्य त्यापुढे बराच वेळ उभे राहिले आणि हलक्या आवाजात म्हणाले, 'वाघाची बाहुली गोल असते हो.' लाल ठिपका लागलेला होता. मी घेणाऱ्याला काही सांगितलं नाही. ते चित्र अजून कुणाच्या तरी भिंतीवर आहे, मांजरीच्या डोळ्यांनी बघतंय.

मला दोष द्यायचा तर दे, पण तेव्हा घर माझ्या चित्रांवर चालत होतं. फ्रेमवाल्याचे पैसे थकलेले असताना पाणवठ्यावर चार दिवस बसून राहायची चैन कुणाला परवडते? हे मी आजही म्हणते. आणि तरीही सांगते, त्या संध्याकाळी मी तोंड उघडायला हवं होतं.

जर्मन चित्रकार ड्यूररचं 1515 चं गेंड्याचं चित्र तू पाहिलं असशील. खरा गेंडा पोर्तुगालात, लिस्बनला उतरला होता. ड्यूररने तो कधी पाहिलाच नाही, दुसऱ्याच्या पत्रावरून आणि रेखाटनावरून लाकडी ठसा तयार केला. कातडीचे चिलखतासारखे पत्रे झाले, खांद्यांच्या मध्ये एक जादा शिंग उगवलं. त्याच माणसाचा 1502 चा ससा बघ. केसांची दिशा अंगावर जागोजागी बदलते, डोळ्यात खिडकीचं प्रतिबिंब आहे. जवळून बघितल्याशिवाय असा ससा कुणाला जमत नाही. तू म्हणशील, गाजला तर गेंडाच. गाजला खरा. दोन शतकांहून जास्त काळ लोक त्याची नक्कल करत राहिले, त्या खोट्या शिंगासकट. मग? तुला तसं गाजायचंय का?

वाघाच्या त्या चित्रानंतर मी दोन वर्षं कुठेच चित्रं लावली नाहीत. तळ्याकाठी एका राखी बगळ्यासमोर बसायचे. पहिल्या आठवड्यात हाती काही लागलं नाही. मग युक्ती सापडली, ती तुला देते. एकाच पानावर पाच-सहा रेखाटनं अर्धी सुरू करायची. पक्षी हलला की पुढचं धरायचं. तो पुन्हा पहिल्यासारखा उभा राहतो, हमखास राहतो, तेव्हा पहिल्यावर परत यायचं. खोडरबर घरी ठेवायचं. बगळ्याची मान मध्येच अशी मोडल्यासारखी का वळते, हे मला हाताने आधी कळलं. मानेतला सहावा मणका लांबट असतो आणि वाक तिथून पडतो, हे नंतर वाचलं. फोटोवरून काढताना तीच मान मी रबरी नळीसारखी गुळगुळीत काढत आले होते.

फोटो टाकून दे असं मी म्हणत नाही. पिसांची रांग पडताळायला, पाठीवरचे ठिपके मोजायला तो लागतोच. पण आधी बघ, गं. घुबडापर्यंत पोचता येत नसेल तर कावळा बघ, खारूताई बघ. 'वाघ काढू की पक्षी' हा प्रश्नच मला कळत नाही. ज्याच्यासमोर तू तासन् तास बसू शकतेस, तो काढ.

बगळ्याच्या त्या वह्या मी विकायला मांडत नाही. प्रदर्शनात त्या टेबलाखालच्या खोक्यात असतात. पुढच्या वेळी सकाळी, दारं उघडताच ये, गर्दी व्हायच्या आत. तुझी वहीही आण, दुसरी.

तुझी,
टेबलापलीकडची मावशी